पाइपावरची खूण

पहिलं मूल झालं की बाईला सल्ले फुकट मिळतात, आंघोळ मात्र मिळत नाही. हिचंच बघा ना. मुठ्या चार महिन्यांचा झाला तरी ही आंघोळ करायची ती बाथरूमचं दार सताड उघडं टाकून, एक कान बाहेर ठेवून, अंगावर पाणी ओतल्यासारखं करून. केस धुवायचे म्हणजे तर मोठीच मोहीम. मुठ्या हे काही त्या पोराचं खरं नाव नव्हे. पण पठ्ठ्या जन्मला तो मुठी आवळून, आणि झोपायचाही तसाच, कुणाशी तरी दोन हात करायला निघाल्यासारखा. म्हणून मुठ्या.

चार महिन्यांत ती बरंच शिकली होती. पोराची नखं कापायची ती तो झोपेत असताना. पाजायला बसण्याआधी पाण्याची बाटली, फोन आणि पाठीची उशी हाताशी घ्यायची, नाहीतर तहान नेमकी तेव्हाच लागते. चहा प्यायचा तो पोर उठायच्या आत, मागाहून प्यायचा तो चहाच नव्हे. आणि सगळ्यात मोठा धडा म्हणजे झोपलेल्या पोराच्या खोलीतून बाहेर पडताना मागे वळून बघायचं नाही. बघितलं की ते उठतंच, का उठतं ते देव जाणे.

पुढच्या आठवड्यात सासूबाई आपल्या घरी परत जाणार होत्या. म्हणून आज रंगीत तालीम. सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. चप्पल पायात सरकवून त्या दारात घुटमळत होत्या.

"जाऊ, की राहू दे आज?"

"जा हो आई. मी काय कुक्कुलं बाळ आहे का?"

"तू नाहीस गं. ते आहे."

तरी गेल्या. दार ओढलं, आपोआप लागलं. घरात ही आणि मुठ्या. नवरा कामावर.

आता तिच्या कामाविषयी सांगायला हवं. रुग्णवाहिकेच्या नियंत्रण कक्षात फोन घेणारी होती ही. माणसं किंचाळत फोन करायची आणि ही म्हणायची, आधी श्वास घ्या, आता पत्ता सांगा, पेशंट बोलतोय का? संकटात काय करावं हे ती दिवसभर लोकांना सांगायची. सध्या रजेवर होती.

आणि खालच्या मजल्यावर होते ठोकेकाका. खुर्च्या, सोफे दुरुस्त करायचे. त्यांची कामाची खोली बरोबर हिच्या घराखाली, आणि दिवसभर ठकठक, ठकठक. मुठ्याला नुकतं घरी आणलं होतं तेव्हाची गोष्ट. तासभर थोपटून पोर झोपवलं की खाली हातोडी सुरू व्हायची. एकदा हिचा पारा असा चढला की खाली जाऊन तिने त्यांना गिऱ्हाइकासमोर वाट्टेल ते सुनावलं. माणुसकी काढली, अक्कल काढली. काकाही काही कमी नव्हते. "माझं पोट या हातोडीवर आहे," म्हणाले, "तुमच्या पोराच्या झोपेवर नाही."

शेवटी सासूबाईंनी मध्ये पडून तह घडवून आणला. हिच्या बाथरूममधून एक लोखंडी पाइप सरळ काकांच्या टेबलाजवळून खाली जायचा. त्यावर तीन टोले म्हणजे बाळ झोपलं, हातोडी बंद. दोन टोले म्हणजे बाळ उठलं, ठोका खुशाल. तीन टोले पडले की काका हातोडी ठेवून शिलाईच्या मशीनवर बसायचे. मशीनची घरघर मुठ्याला चालायची. पण त्या दिवशी काकांनी एक गोष्ट बजावली. "खूण पाळीन मी. पण तुमच्या दाराशी पुन्हा पाय ठेवायचा नाही मला." आणि माणूस शब्दाला पक्का. त्या दिवसापासून जिन्यात भेटले तरी भिंतीकडे बघायचे.

बाकी बंदोबस्तही कडक होता. नवऱ्याने दारावरच्या बेलची वायर काढून ठेवली होती. वर कागद चिकटवला होता, बाळ झोपलं आहे, दार वाजवू नका. थोडक्यात काय, या घराकडे कुणी फिरकू नये याची सोय हिने स्वतःच्या हाताने चोख करून ठेवली होती.

तर, मुठ्या प्यायला, ढेकर दिली, झोपला. तिने त्याला मोठ्या पलंगावर ठेवलं, दोन्हीकडे उशा लावल्या. तो अजून पालथा पडत नव्हता. सकाळी एकदा अर्धवट कुशीवर वळला होता म्हणा. तेव्हा हिने कौतुकाने फोटो काढला आणि नवऱ्याला पाठवला. फोटो काढला, धडा घेतला नाही.

बाथरूममध्ये जाऊन तिने साबणाच्या डबीने पाइपावर तीन टोले दिले. खालची ठकठक थांबली, मशीन घरघरायला लागलं. आणि मग तिला काय वाटलं कुणास ठाऊक, तिने दार लावून घेतलं. घरात दुसरं कुणी नव्हतं, लावायची काही गरज नव्हती. पण चार महिन्यांत एकदाही तिने स्वतःच्या मागे दार लावलं नव्हतं. खटका बसला तो आवाजसुद्धा तिला गोड वाटला.

गरम पाणी डोक्यावर पडलं. अहाहा! मानेवरून, खांद्यांवरून, दुखऱ्या पाठीवरून पाणी वाहत होतं आणि तिला कुणी हाक मारत नव्हतं. तिने केसांना भरपूर फेस केला. गुणगुणलीसुद्धा. सुख म्हणजे आणखी काय असतं हो?

आणि धप्पकन काहीतरी पडलं.

पाठोपाठ मुठ्या रडायला लागला.

तिने नळ बंद केला, गाऊन ओल्या अंगावर ओढला आणि दाराचं हँडल फिरवलं. ते हातात आलं. बाहेरचा अर्धा भाग मधल्या सळईसकट टणकन फरशीवर पडला. हे हँडल कधीचं खिळखिळं होतं. नवरा म्हणायचा, रविवारी करतो. त्याचा तो रविवार कुठल्या कॅलेंडरात छापला होता कोण जाणे.

दारात आता बोटभर भोक उरलं होतं. डोळा लावला तर पॅसेजची भिंत दिसायची आणि झोपायच्या खोलीच्या दाराची कड. पलंग दिसायचा नाही. तिने टूथब्रशचा दांडा भोकात घालून फिरवला. तो मोडला. कंगव्याचं टोक घातलं. तेही मोडलं. खांदा लावला, लाथ मारली. दार आतल्या बाजूला उघडणारं, ते लाथेने काय उघडणार!

आत तिचा फोन वाजायला लागला. पलंगाशेजारीच ठेवला होता तिने. नवऱ्याचा असणार, सगळं ठीक ना म्हणून विचारायला. मुठ्या त्या आवाजाने आणखी भेकला. फोन वाजून वाजून थांबला. मग रडणं बदललं. मोकळं होतं ते दबल्यासारखं झालं, तोंडावर काहीतरी आल्यासारखं. दोनदा कण्हल्याचा आवाज आला. आणि मग काहीच नाही.

"मुठ्या!" ती ओरडली. "ए बाळा! आई आहे इथे!"

काही नाही.

उशी पडली की पोर पडलं? पडलं तर रडत का नाही? उशी तोंडावर आली असेल तर? वरच्या झरोक्यात पंखा बसवलेला होता, त्यातून ती किंचाळली, पण खाली मशीन आणि रेडिओ, कोण ऐकणार? मग तिने डबी उचलली आणि जिवाच्या आकांताने पाइप बडवला.

मशीन शांतपणे घरघरत राहिलं.

तिने पुन्हा बडवला. डबी फुटली, तेव्हा हँडलच्या तुकड्याने बडवला. आणि मग तिच्या लक्षात आलं. खाली काकांना एवढंच कळत होतं की बाळ झोपलंय, बाई पुन्हा पुन्हा बजावतायत. ती जितकी बडवणार, तितके ते गुमान शिवत बसणार. अरे देवा! माणसाने शब्दाला इतकं पक्कं असावं का?

आधी श्वास घ्या, तिने स्वतःला सांगितलं. लोकांना सांगायला सोपं असतं हे. श्वास काही धड आत जाईना. पण घेतला. आणि पाइपावर दोन टोले दिले.

मशीन थांबलं. जरा वेळाने ठकठक सुरू झाली.

तीन टोले. ठकठक थांबली. मशीन सुरू झालं. लगेच दोन. मशीन बंद, हातोडी सुरू. तीन. हातोडी बंद. दोन. तीन. दोन. तीन. मशीनवर नीट बसूही देत नव्हती ती त्यांना. चिडा, ती मनात म्हणत होती, चिडा हो काका, माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करा, पण वर या!

खाली काहीतरी आपटलं. रेडिओ बंद झाला. दार धाडकन उघडलं आणि जिन्यात पावलं वाजली. वर आली. आणि अर्ध्या जिन्यात थांबली.

तिला कळलं ते का थांबले. पाय ठेवायचा नाही म्हणाले होते ना. तिने पाइप सोडला आणि बाथरूमच्या दारावर दोन्ही हातांनी थडाथडा मारायला सुरुवात केली. पावलं पुन्हा निघाली. घराच्या दाराशी आली. आणि बाहेरून काकांचा आवाज आला, रागाने फणफणलेला पण अगदी दबका, कारण दारावर कागद होता ना, बाळ झोपलं आहे!

"अहो बाई, काय थट्टा लावलीय? माणसाने करायचं तरी काय?"

"काका!" आणि इतका वेळ किंचाळणारी ती एकदम तिच्या कामावरच्या आवाजात बोलायला लागली. छोटी वाक्यं, स्पष्ट. "मी बाथरूममध्ये अडकलेय. बाळ आतल्या खोलीत पलंगावर आहे. एकटं. रडत होतं, आता आवाज येत नाही. दार तोडा."

"किल्ली कुठाय?"

"आईंकडे. तोडा!"

काका जिना उतरले ते धडधडत, आणि वर आले तेही तसेच. मग त्या दारावर असे घाव पडले की भिंती हादरल्या. चार महिने टाचणी पडू दिली नव्हती त्या घरात, आणि आता ती देवाला विनवत होती, अजून जोरात, अजून जोरात. लाकूड कडकडलं. कुलूप सुटून फरशीवर पडलं.

पावलं बाथरूमकडे वळली.

"इकडे नका येऊ! आधी बाळ! डावीकडची खोली!"

पावलं वळली. खोलीच्या दारापाशी क्षणभर थबकली. मग अगदी हळू, चवड्यांवर आत गेली, आणि आवाज बंद झाला.

"काका?"

तिने भोकाला डोळा लावला. नुसती पॅसेजची भिंत.

"काका, बोला ना! कसा आहे तो?"

ही शांतता तिच्या ओळखीची होती. फोनवर बोलता बोलता समोरचा माणूस खोलीत जातो, बघतो आणि गप्प होतो. तेव्हा तिने कितीदा तरी स्वतःशी म्हटलं होतं, गेलं बहुतेक. ओल्या फरशीवर ती बसली ती दाराला धरून, भोकाला कान लावून. मी दार का लावलं? मला काय नडलं होतं? जन्मभर केस धुणार नाही मी, पण त्याला काही होऊ देऊ नको.

मग आतून आवाज आला. पण तिच्याशी नव्हे.

"अरे अरे अरे, लबाडा! कुठे निघाला होतास?"

"काका!"

"आहे, पोरी, आहे! पालथं पडलंय तुझं पोर, पार काठावर. एक हात खाली लोंबत होता. म्हणून बोललो नाही, दचकून खाली गेला असता. खाली पडली ती नुसती उशी. घेतलाय मी त्याला. बोळ्यासारखी चादर चघळत होता, म्हणून आवाज नव्हता त्याचा."

रडू इतकं जोरात आलं की डोळ्यांत उतरलेला फेससुद्धा तिला झोंबला नाही.

"आई गं!" काका एकदम ओरडले. "सोड, सोड माझी मिशी!"

आणि त्यावर एक आवाज आला. खळखळून, उचकी लागल्यासारखा, पोटातून आलेला. तिला आधी कळलंच नाही हा कुणाचा. मुठ्या नुसता गालात हसायचा, ओठ वाकडे करून. त्याला आवाजाने हसताना घरात अजून कुणी ऐकलं नव्हतं. तिने नाही, नवऱ्याने नाही, सासूबाईंनीही नाही.

"आई गं!" काका पुन्हा कळवळले, आणि तो आवाज पुन्हा आला.

पावलं बाथरूमपाशी आली. भोकातून काकांचा खाकी शर्ट दिसला आणि त्यावर आपटणारा एवढासा पाय. "बाजूला हो पोरी, सळई घालून उघडतो."

"थांबा काका," ती म्हणाली. तिने नाक पुसलं, कपाळ दाराला टेकवलं. "उघडाल हो. आधी अजून एकदा ओरडा."