तिसरं मेण

मेणावर कोरलेलं गाणं एकदा ऐकलं की ते वाया गेलं, हे स्टुडिओतल्या झाडूवालीलाही ठाऊक होतं. साबणाच्या मोठ्या वडीसारखी ती जाड तबकडी न ऐकता कारखान्यात गेली, तरच तिच्यावरून रेकॉर्डी निघायच्या. कुणी सुई ठेवली की रेघा खरवडल्या जायच्या आणि मेण वितळवायला जायचं. म्हणून पहिलं मेण ऐकून चुका काढायच्या आणि पुढचं देवावर हवाला ठेवून पाठवून द्यायचं.

त्या सकाळी पॅरिसच्या स्टुडिओत, कोरायला मऊ राहावीत म्हणून, गरम कपाटात तीन मेणं ठेवली होती, आणि गायिका लेओनी केरब्रा ती पुन्हा पुन्हा मोजत होती. कंपनीच्या मालकाने तिला स्पष्ट बजावलं होतं, "मादाम, जोडी होती तोवर ठीक होतं. आता एकटीचं हे एक गाणं चाललं, तर करार. नाहीतर रामराम."

ही बाई मूळची दुआर्नने या फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या गावची, तारल्या डब्यात भरायच्या कारखान्यातली. तिथे बायका मासे भरता भरता गायच्या, त्यामुळे गळा असा की बंदरापलीकडून ओ यावी. पॅरिसला आली तेव्हा आन्सेल्म ग्विदू नावाचा पियानोवाला तिला म्हणाला होता, "अगं बाई, ओरडतेस कशाला? मायक्रोफोन बहिरा नाहीये!" हा पठ्ठ्या पॅरिसच्या मोंमार्त्र वस्तीतल्या अमेरिकन काळ्या वादकांच्या मागे लागून जॅझ शिकला होता. तालाच्या जरा मागे रेंगाळायचं कसं, कानात सांगितल्यासारखं गायचं कसं, सगळं त्यानेच तिला शिकवलं. आठ वर्षं ही जोडी गाजली.

पण त्याला एक खोड होती. ध्रुवपद दुसऱ्यांदा आलं की गडी खालच्या पट्टीत गुणगुणायला लागायचा आणि मेण बिघडायचं. फेब्रुवारीत एकाच सकाळी तीनदा असं झालं, तेव्हा लेओनी सगळ्यांदेखत कडाडली, "आन्सेल्म, तोंड बंद! नाहीतर दुसरा पियानोवाला बघते." तो ओशाळून हसला. पुढचं मेण स्वच्छ निघालं. तीन आठवड्यांनी न्यूमोनियाने तो गेला. दोघांच्या बावीस रेकॉर्डी होत्या, आणि त्याचा आवाज एकीवरही नव्हता. लेओनीला ते सारखं खात होतं.

आता पियानोवर ऑस्कर डेलबेक नावाचा बेल्जियन बसला होता. पहिलं मेण झालं, मशीन सांभाळणाऱ्या वोक्लेरसाहेबांनी सुई ठेवली. दुसरं ध्रुवपद आलं आणि लेओनीच्या आवाजाखाली कुणीतरी गुणगुणू लागलं.

"काय हो डेलबेक, तुमच्या बेल्जियमात अशी पद्धत आहे का?"

"मी? अहो साहेब, ओठ शिवल्यासारखा बसलो होतो मी! माझ्या आईची शपथ!"

लेओनी मशीनवर वाकली. तिसरा सूर किंचित उतरलेला होता, नेहमी उतरायचा तस्साच. "परत लावा," ती म्हणाली. मेण गेलंच होतं, वोक्लेरनी परत लावलं. गुणगुण अर्धी झाली होती. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा नुसती खरखर उरली.

"हा आन्सेल्म आहे," ती म्हणाली. डेलबेकने छातीवर क्रुसाची खूण केली.

दुसऱ्या मेणाला वोक्लेरनी डेलबेकला तोंडात चक्क रुमाल कोंबायला लावला. लेओनी गाताना त्याच्याकडेच बघत होती. खोलीत तिचा आवाज आणि पियानो, बाकी चिटपाखरू नाही. हे मेण न ऐकता पाठवायचं, पण वोक्लेरच्या जिवाला चैन पडेना. त्यांनी सुई ठेवली. गुणगुण होतीच. या वेळी ती मायक्रोफोनला लागून होती, लेओनीपेक्षाही जवळ.

"आता एकच मेण उरलंय, मादाम," वोक्लेर पुटपुटले. "यावरही ते आलं, तर मालक रेकॉर्ड फोडतील आणि तुम्हाला दार दाखवतील. माझ्या हातात काही नाही."

लेओनीने डोळे मिटले. जाईना का करार, तिने ठरवलं. हे मेण कुणाला ऐकू द्यायचं नाही. कारखान्यातून नमुन्याची पहिली रेकॉर्ड आपल्याच हातात येते, मग ती मालक फोडो नाहीतर जाळो, तोवर आपण ती घेऊन पसार. गुणगुण रे बाबा, पोटभर गुणगुण.

डेलबेकने बोटं पट्ट्यांवर ठेवली. रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागायच्या आत, कुठून कोण जाणे, तिच्या नाकात तारल्यांचा वास भरला. ते खारं पाणी, ती फाटलेली बोटं, पहाटेचा तो भोंगा. करार गेला तर परत तिथेच. तिचं तोंड आपोआप उघडलं.

"आन्सेल्म, तोंड बंद."

तिने तोंडावर हात दाबला, पण शब्द सुटला तो सुटलाच. लाल दिवा लागला. ती गायली.

रेकॉर्ड लख्ख निघाली, गुणगुणीचा मागमूस नाही. आणि खपली तर अशी, की दुकानांत पुरेना. करार झाला, सिनेमे झाले, ब्रसेल्स झालं, कैरो झालं. पुढच्या वीस वर्षांत प्रत्येक मेणाआधी ती रिकाम्या कोपऱ्याकडे बघून म्हणायची, "गुणगुण ना रे, मी रागावलेली नाहीये." मशीनवाले एकमेकांना कोपरं मारायचे. प्रत्येक मेण स्वच्छ निघायचं.

आता ती दुआर्ननेत एकटी राहते. दुपारी खिडकी लावून त्या तिसऱ्या मेणाचीच रेकॉर्ड चढवते. दुसरं ध्रुवपद येतं. तिचा आवाज भर सुरात असतो, मध्ये दम घ्यायला जागाच नाही, आणि तरीही तिथे, अगदी जवळ, कुणीतरी गायला छाती भरून श्वास घेतं. तो सुटल्याचा आवाज मात्र येत नाही.

लेओनी ग्रामोफोनच्या कर्ण्याशी तोंड नेते. "चुकले रे मी. गा आता, गा."

सुई शेवटच्या रेघेपर्यंत जाते. श्वास काही सुटत नाही.