भिंतीकडे तोंड करून पाहिलेला गोल

मी एक जुनं लाकडी स्टूल आहे. मला चार पाय आहेत. त्यांपैकी तीन सारखे आहेत आणि चौथा बोटाच्या पेरभर आखूड आहे. मित्रांनो, हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं, कारण पुढं जे काही झालं ते या चौथ्या पायामुळे झालं आणि त्याची शिक्षा मात्र एका सज्जन माणसानं दहा वर्षं भोगली.

माझा जन्म एका सुताराच्या हातून झाला. त्याला खरं तर कपाट करायचं होतं. कपाट झालं, थाटात गिऱ्हाइकाच्या घरी गेलं, आणि उरलेल्या तुकड्यांकडे बघून सुतार म्हणाला, "टाकून तरी काय द्यायचं." माझ्याबद्दल बोललं गेलेलं हे पहिलं वाक्य. चौथ्या पायाला लाकूड पुरलं नाही. सुतारानं मला जमिनीवर ठेवलं, मी लटपटलो, त्यानं बराच वेळ खाली पाहिलं आणि जमीनच वाकडी आहे असं ठरवून टाकलं.

तिथून मी फ्रेमवाल्यांच्या दुकानात आलो. फोटोंना चौकटी करून देण्याचं दुकान. फ्रेमवाले पट्ट्या कापायचे, खिळे ठोकायचे, आणि त्यांची बायको, जिला सगळी गल्ली वहिनी म्हणे, ती हिऱ्यानं काच कापायची. काचेला शांत हात लागतो आणि फ्रेमवाल्यांचा हात फक्त जेवताना शांत असे. माझं काम सोपं होतं. वरच्या खिळ्यापर्यंत पोचायला माझ्यावर चढायचं, आणि उतरल्यावर "हे स्टूल एक दिवस कुणाचा तरी जीव घेणार" असं म्हणायचं. दुकानभर जाड पुठ्ठ्याचे तुकडे पडलेले असत. त्यांतला एक माझ्या पायाखाली सरकवावा, हे कुणाला सुचलं नाही. मला सुचलं होतं, पण मी स्टूल आहे.

दुकानाच्या कोपऱ्यात फळीवर टीव्ही होता. आपल्या शहराच्या फुटबॉल संघाचा सामना असला की रविवारी दुपारी तिथं चौघं जमायचे. फ्रेमवाले, वहिनी, जवळच्या शाळेत गणित शिकवणारे मास्तर आणि समोरच्या दवाखान्यातले कंपाउंडर. खुर्च्या तीनच होत्या. शेवटच्या पेशंटला गोळी जेवणाआधी की नंतर हे दोनदा समजावल्याशिवाय कंपाउंडर दवाखाना सोडत नसत, म्हणून ते नेहमी उशिरा येत आणि मी त्यांच्या वाट्याला येई. माझ्यावर बसलेल्या माणसांत मला एकट्या कंपाउंडरनी कधी नावं ठेवली नाहीत. मी डुगडुगलो की ते स्वतःच माझ्याबरोबर डुगडुगत.

एक सामना असा आला की हरलो असतो तर आपला संघ खालच्या गटात गेला असता. सत्तर मिनिटं झाली होती आणि आपण दोन गोलांनी मागं होतो. दुकानात कुणी बोलत नव्हतं. मी तेवढा खट् खट् वाजत होतो. अखेर कंपाउंडर उठले आणि टीव्हीकडे पाठ करून, वाकून, माझा आखूड पाय फरशीच्या उंचवट्यावर बसतोय का ते पाहू लागले. तेवढ्यात गोल झाला. ते गर्रकन वळले, पण तोवर खेळाडू मिठ्या मारून मोकळे झाले होते. ते पुन्हा टीव्हीकडे तोंड करून बसले, तर लगेच दुसऱ्या संघाचा चेंडू आपल्या गोलच्या खांबाला आपटला.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "कंपाउंडर, जरा पाठ करून बसा बरं. प्रयोग म्हणून."

कंपाउंडर हसत हसत भिंतीकडे वळले. आणखी दोन गोल झाले आणि आपण जिंकलो.

मास्तर शाळेत संभाव्यता शिकवत. नाणं शंभर वेळा उडवल्याशिवाय काही बोलायचं नाही, असं मुलांना बजावत. पण त्या दिवशी त्यांना तीन गोल पुरले. पुढच्या रविवारी कंपाउंडर आले तेव्हा मी आधीच भिंतीजवळ मांडलेलो होतो. कुणी सक्ती केली नाही. नुसतं तिघांनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि कंपाउंडर हा असा माणूस, की ज्याला नाही म्हणायचं असलं तर आधी सर्दी व्हायची.

अशी सहा वर्षं गेली. समोर भिंत, भिंतीवर ओल, ओलीच्या वर एक रिकामा खिळा. कंपाउंडरना सामना श्वासांवरून कळायला लागला. मास्तरांचा श्वास अडकला की कॉर्नर, फ्रेमवाल्यांची खुर्ची करकरली की फ्री किक. जिंकलो तर तिघंही त्यांच्या पाठीवर थाप मारत. हरलो तर मास्तर सौम्यपणे विचारत, "मान वळली होती का हो थोडी?" म्हणजे जिंकलो तर पाठीमुळे आणि हरलो तर मानेमुळे. हळूहळू शहरभर बोभाटा झाला. दवाखान्यात लोक औषध घेताना म्हणू लागले, रविवारी जपून बसा. रस्त्यात अनोळखी माणसं त्यांना नमस्कार करत. कंपाउंडरना उभ्या आयुष्यात एवढा मान मिळाला नव्हता. तो मिळवायला त्यांना फक्त एकच गोष्ट सोडावी लागली होती, आणि ती म्हणजे त्यांची सगळ्यांत आवडती गोष्ट.

तुम्ही म्हणाल, स्टूलराव, तुम्हाला टीव्हीवरचं कसं दिसलं. मित्रांनो, स्टुलाला पुढची बाजू नसते आणि मागचीही नसते. त्यामुळे मला भिंतीकडे तोंड करून बसवणं कुणालाच जमलं नाही. त्या दुकानातला प्रत्येक सामना मी पाहिला आहे. फक्त मला कुणी विचारत नाही.

सातव्या वर्षी आपला संघ पहिल्यांदाच मोठ्या चषकाच्या अंतिम सामन्यात पोचला. त्या दुपारी कंपाउंडर येऊन बसले, तर समोरच्या खिळ्यावर एक मोठा फोटो टांगलेला. कुणाचे तरी आजोबा. काळा कोट, काळी टोपी, मागं काळा पडदा आणि चेहऱ्यावर असा भाव, की फोटोग्राफरनं त्यांच्या शेतात म्हैस सोडली असावी. वर चकचकीत काच. आणि त्या काचेत, आजोबांच्या कोटावर, वीतभर हिरवं मैदान.

कंपाउंडरनी डोळे घट्ट मिटले. त्यांच्या मांड्या दगडासारख्या झाल्या, हे मला कळलं. त्यांना मनापासून वाटत होतं की आपण पाहिलं तर संघ हरेल. एका बाजूला सगळं शहर आणि दुसऱ्या बाजूला ते एकटे, आणि हा तराजू माझ्या साडेतीन पायांवर उभा. अठ्ठ्याऐंशी मिनिटं ते डोळे मिटून बसले. गोल कुणाचाच नव्हता. मग मागून मास्तरांचा श्वास असा अडकला, की तसा सहा वर्षांत कधी अडकला नव्हता, आणि कंपाउंडरनी डोळे उघडले.

आपला अकरा नंबर कडेनं धावत आला. एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं, आणि फार लांबून, गोलकडे न बघताच, त्यानं चेंडू मारला. चेंडू आजोबांच्या कोटाच्या तिसऱ्या बटनापासून निघाला आणि खांद्याजवळ जाळ्यात शिरला.

मित्रांनो, त्या क्षणी माझ्यावर कुणाचंच वजन नव्हतं, आणि तरीही कंपाउंडर उठले नव्हते. मागं फ्रेमवाल्यांनी उडी मारून एक तयार चौकट फोडली. मास्तर रडू लागले. कंपाउंडर मात्र तसेच बसून राहिले, कारण त्यांनी तर काही पाहिलंच नव्हतं. त्यांनी थोडा वेळ जाऊ दिला. मग भिंतीकडे बघतच विचारलं, "काय झालं?"

आपण जिंकलो होतो. नंतर तिघांनी त्यांना तो गोल पाऊण तास सांगितला. डिंकाची बाटली अकरा नंबर झाली, दोन पट्ट्या गोलचे खांब झाल्या. ते सगळं त्यांनी नवीन असल्यासारखं ऐकलं.

त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. सांगायचं काय? ज्या माणसाला शहर न बघण्याबद्दल नमस्कार करतं, त्यानं बघितलं हे? आजोबांना त्यांचा नातू आठवड्यानं घेऊन गेला. नंतरही त्या खिळ्यावर सामन्याच्या दिवशी काही ना काही टांगलेलं असे, पण कंपाउंडर डोळे मिटून बसत. चोरी एकदा पचली म्हणून पुन्हा पचेलच असं नाही, असं त्यांना वाटत असावं.

आणखी चार वर्षं गेली. संघाला पन्नास वर्षं होत होती, म्हणून एका साप्ताहिकाची बातमीदार वही घेऊन दुकानात आली. जुन्या चाहत्यांना ती एकच प्रश्न विचारत होती, तुमच्या मनातून कधीही न जाणारा क्षण कोणता? फ्रेमवाल्यांनी अकरा नंबरचा गोल सांगितला आणि सांगताना डावा पाय हवेत उडवला. अकरा नंबर डाव्या पायाचा. तो गोल सांगताना सगळं शहर डावा पाय उडवतं. मास्तरांनीही उडवला, जरा जपून, कारण गुडघा. मग ती कंपाउंडरकडे वळली.

"त्यांनी नाही पाहिला," मास्तर अभिमानानं म्हणाले. "त्यांच्यामुळेच तर झाला."

बातमीदार म्हणाली, नसेल पाहिला, पण मनात काहीतरी चित्र असेलच की. तेच सांगा.

कंपाउंडर माझ्यावरून उठले. चार वर्षं त्यांनी तो गोल फक्त ऐकला होता, एकदाही करून दाखवला नव्हता. ते हळू आवाजात सांगू लागले, तो असा आला, याला असं चकवलं, त्याला तसं. सांगता सांगता त्यांचा आवाज चढला, मान वर झाली, आणि त्यांनी पाय उडवला. उजवा. तो थेट मला लागला. मी गडगडत गेलो आणि चारी पाय वर करून फरशीवर पडलो.

"डावा, कंपाउंडर," मास्तर म्हणाले.

"नाही हो, उजवा. मी स्वतः..." आणि ते थांबले.

फ्रेमवाल्यांनी एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा कोपऱ्याकडे. काचेत डावं ते उजवं होतं, हे त्या दुकानात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

"पाहिलात?" मास्तरांनी विचारलं.

"त्या आजोबांच्या कोटात," कंपाउंडर म्हणाले. "शेवटचंच तेवढं. मास्तर, माझ्याच्यानं राहवलं नाही. संघ हरला असता तर मी शहर सोडून जाणार होतो. बहिणीला पत्रसुद्धा लिहून ठेवलं होतं." आता सगळं संपलं, अशा चेहऱ्यानं ते उभे राहिले.

तेव्हा वहिनींनी हातातला हिरा खाली ठेवला. म्हणाल्या, "फोटो मीच लावला होता. त्या नातवाला पुढच्या आठवड्याचा वायदा होता. मुद्दाम घाई केली, काच दोनदा पुसली आणि मागची दोरी चार बोटं सैल ठेवली, म्हणजे फोटो पुढं झुकतो. ताणून बांधली असती तर काचेत नुसती ट्यूबलाइट दिसली असती." मग जरा रागानंच म्हणाल्या, "त्यानंतरही दर सामन्याला काहीतरी लावत आले. पण तुम्ही डोळे मिटून घ्यायचात. चार वर्षं काचा पुसतेय मी."

"मग सांगायचं नाही का, वहिनी?" कंपाउंडर म्हणाले.

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही या दोघांना सांगितलं असतं."

हे खरं होतं. मास्तर बोटं मोजू लागले. त्यांच्या मनात गणित चाललं असावं. कंपाउंडरनी पाहिलं आणि तरी जिंकलो, मग आधीच्या सहा वर्षांचं काय, आणि नंतरच्या चारांचं? उत्तर आलं तेव्हा ते खाली बघूनच म्हणाले, "कंपाउंडर, दहा वर्षं झाली हो. माझं चुकलं."

कंपाउंडर म्हणाले, असू दे, भिंतही वाईट नव्हती. पण त्यांचे डोळे भरले होते. बातमीदारनं वही मिटली, मग परत उघडली.

मी अजून उलटाच होतो. वहिनींनी मला उचलताना माझे पाय पाहिले, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी ते मोजले. त्यांनी खालचा पुठ्ठ्याचा एक तुकडा घेतला, दुहेरी करून चौथ्या पायाला डिंकानं चिकटवला आणि मला टीव्हीसमोर ठेवलं. मी डुगडुगलो नाही. मला ते जरा विचित्रच वाटलं.

पुढच्या रविवारी कंपाउंडर माझ्यावर बसून, टीव्हीकडे तोंड करून, पहिल्या मिनिटापासून सामना पाहत होते. आपण चार गोलांनी हरलो. दुसऱ्या गोलानंतर मास्तर चुळबुळले. तिसऱ्यानंतर त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. चौथ्यानंतर ते मुकाट्यानं उठले, आपली खुर्ची उचलून भिंतीजवळ नेली आणि टीव्हीकडे पाठ करून बसले. कंपाउंडरनी मागं हात करून त्यांची बाही धरली.

"मास्तर, इकडं या," ते म्हणाले. "काय सुंदर हरतोय बघा."

आता मी म्हातारा झालो आहे. आता कुणी माझ्यावर चढत नाही, फक्त बसतात. मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. तुमच्या घरात एखादं स्टूल खट् खट् वाजत असेल, तर नशिबाला बोल लावण्याआधी त्याला एकदा उलटं करून पाहा. पुठ्ठ्याचा तुकडा घरात असतोच. आणि स्टुलावर बसलेला माणूस गप्प असेल, तर त्यालाही एकदा विचारा, तुम्हाला तिथून दिसतंय ना?