टोपी घातलेला फ्लास्क

औषध मुलांचं होतं, म्हणूनच तिच्या जिवाला घोर लागला होता. कारखान्यातून गेलेलं सिरप महिनाभरात बाटलीच्या तळाशी दगडासारखं बसत होतं. कितीही हलवा, वरचा चमचा नुसता पाणीदार आणि तळचा नको तितका कडक. कुठली तरी आई तापानं फणफणलेल्या लेकराला नेमका तो तळचा चमचा भरवतेय, हे चित्र तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

"सिरप दिवसा तापतं, रात्री निवतं, त्यात औषधाचे स्फटिक रूप बदलतात," ती लॅबच्या साहेबांना म्हणाली. "आपले सुईसारखे विरघळतात आणि त्यांचे चपटे होऊन तळाशी चिकटतात. पहिल्यापासून चपटेच करून दळून घातले, तर पुढे बदलायला काही उरणारच नाही."

"मॅडम, चपटे या लॅबमध्ये आजवर कुणाला जमले नाहीत. तुम्ही आत्ताच बाळंतपणाच्या रजेवरून आलाय. आज जमवा, नाहीतर उद्यापासून लेबलं तपासा. हे काम मी बाहेर देतो."

लॅबची रीत एकच: गरम द्रावण थेट बर्फात. पांढरा लगदा झटपट मिळायचा, पण दरवेळी सुयांचाच.

तिनं कचऱ्यात निघालेली एक बिघडलेली बाटली उचलली. तळाचा दगड खरवडला, धुतला, वाळवला. हेच तर हवे होते, चपटे! बर्फाऐवजी टेबलावरच ठेवलेलं औषधाचं गरम द्रावण कोमट झालं. थर्मामीटर होताच, तरी सवयीनं तिनं मनगट फ्लास्कला लावून पाहिलं आणि विरजण लावावं तशी चिमूटभर पूड आत सोडली. आता सावकाश निवायला हवं. तिनं पर्समधली बाळाची लोकरीची टोपी काढून फ्लास्कला चढवली.

"अगं, सर्दी झालीय का त्याला?" शेजारच्या टेबलावरची मैत्रीण खिदळली. "अंगाई म्हणू?"

"म्हण. पण हलवू नकोस, आत्ता कुठे डोळा लागलाय."

साहेब दोनदा डोकावून गेले. "उठलं का बाळ?" तिनं बर्फाला हात लावला नाही.

दुपार कलताना टोपीच्या कडेखाली काहीतरी चमकलं. तिनं टोपी वर सरकवली. तळभर काचेच्या टिकल्यांसारखे चपटे स्फटिक!

सूक्ष्मदर्शकाखालच्या तापत्या पट्टीवर तिनं बर्फातला लगदा आणि आपले स्फटिक शेजारी शेजारी ठेवले. साहेबांनी डोळा लावला. उष्णता वाढली तशा बर्फातल्या सुया काळवंडल्या, थरथरल्या आणि बघता बघता चपट्या झाल्या. तिचे स्फटिक मात्र वितळेपर्यंत ढिम्म हलले नाहीत.

साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग फोन उचलला. "बाजारातल्या सगळ्या बाटल्या परत मागवा. नवा माल मॅडमच्या पद्धतीनं. हो, विरजण लावून! काय ते त्याच सांगतील."

"आणि लेबलं, सर?"

"लेबलं मी बघतो!"

मैत्रिणीनं टेबलावर ताल धरला. फ्लास्कवरची टोपी उतरवून तिनं ती स्टँडवर अडकवली.

"घरी नाही नेणार?" मैत्रिणीनं विचारलं.

"छे गं, औषध लागलंय तिला! आता ही लॅबचीच. बाळाला नवी विणते."