माडीवरच्या वन्सं

चौलजवळच्या वाडीत केसर एकटीच राहायची. नवरा गेल्यावर घरातल्या खालच्या दोन खोल्या ती मुंबईच्या पाहुण्यांना देऊ लागली. शनिवार-रविवारी घर भरायचं. सोमवारी गाड्या निघून गेल्या की मागं उरायची ती आणि नारळी-पोफळी. मूलबाळ नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात तेजस्वी नावाची एक मुलगी आली आणि महिनाभर राहिली. ती कादंबरी लिहीत होती. सकाळभर लॅपटॉप, दुपारी केसरसोबत ओटीवर वाल सोलायचं काम. "मग काय झालं, काकू?" असं केसरला कितीतरी दिवसांनी कुणी विचारत होतं. ती बोलत सुटली. बोलता बोलता वन्संचाही विषय निघाला.

वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, वेणूबाई. तिला तिच्या नवऱ्यानं टाकलं तशी ती माहेरी आली, माडीवरच्या खोलीत राहिली आणि हळूहळू खाली उतरायचीच बंद झाली. आतून कडी लावून बसायची. केसर जेवणाचं ताट दाराशी ठेवायची आणि पायरीवर बसून गावातलं काहीबाही सांगत राहायची. कधी आतून हुंकार यायचा, बहुतेकदा तोही नाही. वन्सं तशाच गेल्या. त्यानंतर केसरला ती खोली उघडावीशी वाटली नव्हती.

पावसाळा सरताना रिक्षावाला अंबाजी दारात उभा राहिला.

"वयनी, तुमच्या घरावर पुस्तक आलंय म्हनं. माझी पोर वाचतेय. माडीवर बाई कोंडलेली हाय, भावजय तिला उपाशी ठेवते, नि मेल्यावर ती बाई रोज माडीवर चालते."

तो हसला खरा, पण नेहमीसारखा चहाला थांबला नाही.

केसरनं अलिबागहून पुस्तक मागवलं. विहीर तीच होती, जिन्याचा निळा रंगही तोच. फक्त कडी बाहेरून होती. आणि ती लावणारी भावजय अशी काही रंगवली होती की केसरनं पुस्तक मिटून ठेवलं.

मग वेगळेच पाहुणे यायला लागले. "ती खोली कुठली?" म्हणत फोन घेऊन जिन्यावर चढायचे. राहायला इथं, जेवायला मात्र बाहेर. "काकू, आमचं जेवण नको हां," असं सांगताना एकमेकांकडं बघून हसायचे. आळीतल्या बायकाही हळदीकुंकवाला बोलवायचं विसरायला लागल्या. घर कधी नव्हे एवढं भरलेलं असायचं आणि केसरशी बोलायला कुणी नसायचं.

शेवटी तिनं तेजस्वीला फोन केला. दोन दिवसांनी ती सकाळच्या बोटीनं आली. ओटीवर बसली, पाण्याच्या तांब्याला हात लावला नाही.

"कडी बाहेरून का लावलीस?" केसरनं विचारलं.

तेजस्वी म्हणाली, "आधी तुम्ही सांगितलं तसंच लिहिलं होतं, काकू. एक बाई आत, एक बाहेर. लिहिताना मला रडू यायचं, पण कादंबरी पुढं सरकेना. बंद खोली, अंधार, पावलांचा आवाज, सगळं होतं. पण दोघींचं भांडणच नव्हतं. मग मी कडी बाहेर घेतली. एका रात्रीत सगळं भराभर सुचलं."

"नि मी हडळ झाले."

"हो." तिचे डोळे भरले. "कुणी ओळखेल असं वाटलं नव्हतं. चुकलंच माझं. दुसरी आवृत्ती निघतेय. गाव बदलते, घर बदलते. तुम्ही म्हणत असाल तर माडीचं सगळंच काढून टाकते."

केसर उठली, आतून पुस्तक घेऊन आली. एका ठिकाणची पानं हाताळून मऊ पडली होती. तिथं मेलेली बाई दाराआडून भावजयीशी बोलत होती. आमटीत मीठ कमी म्हणून करवादत होती, सासरच्या आठवणी काढत होती, केसांत माळायला अबोलीचा वळेसर मागत होती.

"हे बोलनं तुला कुठनं सुचलं?"

"मुंबईत घरी मी एकटीच असते ना. स्वतःशीच बोलते. तेच लिहिलं."

"माझ्याशी त्या कधी अशा बोलल्या न्हायत," केसर म्हणाली. "किती वर्सं बसले मी पायरीवर. आता हे वाचते तेव्हा वाटतं, बोलल्या एकदाच्या. शिव्या देतात मला. पन बोलतात."

तेजस्वीनं पुस्तक हातात घेतलं, ती पानं उलटली.

"गाव बदल. घर बदल. वन्संना काढू नको," केसर म्हणाली. "मी वाईट राहिले तरी चालंल. भांडनाबिगर त्या बोलायच्या न्हायत, व्हय ना?"

तेजस्वीनं होकारार्थी मान हलवली. दुपारच्या बोटीनं ती परत गेली.

नव्या आवृत्तीत घर दुसऱ्याच किनाऱ्यावर गेलं. फोनवाले पाहुणे कमी होत होत थांबले. अंबाजी पुन्हा ओटीवर टेकू लागला. आळीतल्या काही जणी मात्र आल्याच नाहीत.

तेजस्वीनं पाठवलेल्या प्रतीत केसरनं आधी ती पानं शोधली. एक शब्दही बदललेला नव्हता. त्या दुपारी ती झाडू घेऊन माडीवर गेली आणि वन्संची खोली उघडली. खाट झटकली, जाळी काढली, खिडकी ढकलली. माडांच्या शेंड्यांमधून खाडी दिसत होती, मासे घेऊन परतणाऱ्या होड्याही. वन्सं इतकी वर्षं हेच बघत असणार, आणि आपण पाठीमागून बोलत होतो, असं तिच्या मनात आलं. ऊन उतरेपर्यंत ती तिथंच खाटेवर बसून राहिली. मग खाली येऊन तिनं आपल्यापुरता भात टाकला.