टेकू लावायचा राहिला

मी एक जुना अ‍ॅक्सल आहे. रफीकभाईंच्या पिकअपची मागची दोन चाकं ज्या जाड लोखंडी दांड्यावर फिरायची, तो मी. माझ्या मधोमध फुगीर पोट आहे. त्यातली दातेरी चक्रं तेलात बुडून फिरायची आणि इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोचवायची. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त धावावं लागतं, आतल्याला कमी; तेही तीच सांभाळायची.

नऊ वर्षं मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून नवी पेठेत चादरींचे गठ्ठे वाहिले. "आपली गाडी कधी दगा देत नाही," असं रफीकभाई चारचौघांत सांगायचे. मित्रांनो, मला फार अभिमान वाटायचा. पण माझ्या पोटातलं तेल झिरपून चाललं होतं, ते त्यांनी कधी वाकून पाहिलं नाही.

ते शेजारच्या बसप्पांच्या लक्षात आलं. बसप्पा यंत्रमागांच्या कारखान्यात जॉबर होते. माग बिघडला की दुरुस्त करायचा, हे त्यांचं काम.

"रफीकभाई, मागनं लई आवाज येतोय की. तेल बघा."

"बघू अण्णा. सीझन तर संपू दे."

सीझन संपायच्या आतच माझे दात तुटले.

मग रफीकभाईंनी जास्त वजन पेलणारा, माझ्याहून दणकट अ‍ॅक्सल आणला आणि तो घरीच बसवायचं ठरवलं. कारखान्याला सुट्टी होती, म्हणून बसप्पा मदतीला आले. जॅक लावून गाडीची मागची बाजू उचलली. मला सोडवून भिंतीशी टाकलं.

रफीकभाईंची बायको अनिसा दारातून म्हणाली, "अहो, खाली लाकडी ठोकळ्यांचा टेकू द्या. नुसत्या जॅकचा काय भरवसा?"

"दोन मिनिटांचं काम हाय," रफीकभाई म्हणाले. ठोकळे माझ्या शेजारीच पडलेले होते. मला ओरडता आलं असतं तर!

बसप्पा नवा अ‍ॅक्सल गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्यांखाली जुळवत होते. उजवा हात आत होता. जॅकखालची माती दबली, जॅक कलला आणि गाडी धाडकन खाली बसली. ती किंकाळी अजून माझ्या लोखंडात घुमते.

बसप्पांची दोन बोटं काढावी लागली. पान्याची पकड गेली. वीस वर्षांचं जॉबरचं काम सुटलं. मालकानं त्यांना गेटवर वॉचमन म्हणून बसवलं.

महिन्याभरानं ते अंगणात आले. रफीकभाई मान खाली घालून उभे राहिले.

"अण्णा, माझं चुकलं. अनिसाचं ऐकायला पायजे होतं."

बसप्पा हळूच म्हणाले, "वैनी बोलल्या ते मीबी ऐकलं होतं की. मी तरी कुटं थांबलो?"

ते रागावले असते, तर रफीकभाईंना सोसलं असतं. या बोलण्यानं मात्र ते तिथंच खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले.

मित्रांनो, यंत्राला वेळेवर तेल द्या. पण उचललेल्या गाडीखाली हात घालण्याआधी भक्कम टेकू द्या, आणि कुणी तशी आठवण केली तर थांबा. मला उद्या भंगारवाला नेणार आहे. भट्टीत वितळून मी नव्यानं काहीतरी होईन. बसप्पांच्या बोटांना ती सोय नाही.