वच्छलाच्या जागी

हापशावर भरलेला हंडा डोक्यावर चढवताना वच्छलाला खाली काहीतरी सटकल्यासारखं झालं. ती होती तशीच थिजली. मांड्यांच्या मधे अंड्याएवढा मऊ गोळा उतरला होता, आणि एक पाऊल टाकलं तर तो गळून पडेल असं तिला वाटलं. मागच्या बायका सरकायला सांगत होत्या. घरापर्यंत ती कशी आली, तिचं तिला ठाऊक.

काय झालंय हे कोणी सांगायची गरज नव्हती. सासूला, तानुबाईला, पहाटे न्हाणीत इतका वेळ का लागतो हे तिला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. तानुबाईचं अंग बाहेर यायचं. चार बाळंतपणं झाली, आणि दर वेळी महिना भरायच्या आत ती रानात गेली. आता ती हाताने आत ढकलायची, जुन्या लुगड्याच्या धडप्याने आवळून बांधायची आणि कामाला लागायची. खोकली तरी लुगडं ओलं व्हायचं. म्हणून ती लग्नाच्या पंगतीत कधी बसत नसे, वाढत फिरायची. लोक म्हणायचे, बाईला कामाची हौस भारी.

वच्छलाला बाळंत होऊन तीन महिने झाले होते आणि वय होतं तेवीस. आता जन्मभर आपणही असंच बांधून हिंडायचं.

त्यात दिवाळी होऊन गेलेली. ऊसतोडीचा ट्रक आठवड्यावर आलेला आणि नवऱ्याचा, आसारामचा, मुकादमाला शब्द गेलेला. कोयता म्हणजे जोडी. नवऱ्याने ऊस तोडायचा, बायकोने मोळी बांधायची आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवायची. एकट्या गड्याला मुकादम विचारत नाही. आसाराम मारकुटा नव्हता. पण शेजारच्या कडूबाईची पिशवी काढली तेव्हा, बाई बाद झाली, असं म्हणून तिच्या नवऱ्याने वर्षाच्या आत दुसरी आणली होती. आसारामही त्या लग्नात जेवून आला होता. वच्छलाने तोंड शिवून घेतलं.

तिसऱ्या दिवशी ती चुलीपुढे बसताना दचकली आणि तानुबाईने भाकरी थापता थापता हात थांबवला.

"कवापासून?" तिने विचारलं.

वच्छलाला रडू फुटलं.

अवघड जागी दुखणं आणि जावई वैद्य म्हणतात. इथे जावई नव्हता, पण घरच्या पुरुषाला सांगायचीही सोय नव्हती. तानुबाईने पोराला सांगितलं की बाळाचं पोट बिघडलंय, आम्ही दोघी सेलूला दाखवून आणतो. वालूरहून दोघी एस्टीने निघाल्या. तानुबाईने सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. सेलूच्या स्टँडच्या भिंतीवर विद्यापीठाच्या नामांतराच्या घोषणा रंगवलेल्या होत्या. बाजूच्या की विरोधाच्या, दोघींपैकी कोणालाच वाचता येत नव्हतं.

दवाखान्यात पडद्याआड टेबलावर आडवं व्हायचं म्हटल्यावर वच्छलाने निऱ्या मुठीत धरल्या. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, खोकायला लावलं आणि हात धुता धुता सांगितलं की अंग थोडंच उतरलंय, ऑपरेशनची गरज नाही. लघवी अडवून धरतो तसं अंग आत ओढून धरायचं आणि सोडायचं, दिवसातून चार-पाच वेळा, कुणाला कळतसुद्धा नाही. पण सहा महिने ओझं उचलायचं नाही.

"उचललं तर?" वच्छलाने विचारलं.

"तर पूर्ण बाहेर येईल. मग कापल्याशिवाय इलाज नाही."

वच्छलाची नजर सासूकडे गेली. डॉक्टरीणबाईंना ती नजर कळली. त्यांनी तानुबाईलाही टेबलावर घेतलं. पडद्याआडून त्यांचा आवाज ऐकू येत होता. इतकी वर्षं काय करत होतात, जखमा झाल्यात, ऑपरेशन लवकर करा, अंग आत धरून ठेवायला रबराची कडी बसवली तरी ओझ्याने निसटेल. तानुबाईने एवढंच म्हटलं की सुगीचं सरू द्या.

परतीच्या एस्टीत तिने बाळाला मांडीवर घेतलं आणि बाहेर बघत बोलली, "आसारामासंग मी जाते."

"आत्या, डॉक्टरीण काय म्हणल्या तुमाला?"

"माझं काय ऱ्हायलंय आता बिघडायला? तुझं आजून सावरतंय. लेकरू लहान हाय म्हणून सांगू."

वच्छलाने नको म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात एस्टी खड्ड्यात आदळली, खालचा गोळा तिला जाणवला, आणि नको म्हणायचं सोडून तिने पुढच्या बाकाची दांडी धरली. तिला वाईट वाटलं. पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

आसारामला नवल वाटलं. माय, तुला झेपंल का, असं त्याने विचारलं तेव्हा तानुबाई हसली. तुझ्या बायकोपरीस चार मोळ्या जास्तच नेईन, म्हणाली. तो खूश झाला. आपली माय लोखंडाची आहे, असं तो सगळ्यांना सांगत सुटला.

ट्रक आला तेव्हा उन्हं वर आली होती. भांडी, पीठ, कोंबड्या, माणसं, सगळं चढलं. तानुबाईने चाकावर पाय ठेवला, फळीला हात घातला आणि तिचं तोंड क्षणभर आक्रसलं. मग ती वर गेली. आसारामने ते पाहिलं असावं. पाठीवरची वळकटी खाली ठेवून तो वच्छलाजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "मायला काई तरास हाय का गं? तुला सांगितलं आसंल तर बोल. अजून वेळ हाय."

वच्छलाने बाळाला छातीशी आणखी आवळलं. आसाराम तिच्या तोंडाकडे बघत होता.

"न्हाई," ती म्हणाली.

ट्रक सुरू झाला. बाया पोत्यांवर टेकल्या, कोणी पानाची चंची काढली. ट्रक वळणावर जाईपर्यंत वच्छला बघत राहिली. तानुबाई तेवढी फळी धरून उभी होती.