डाव्या गालाची वही

आईने ठकीच्या दोन्ही हातांत मोजे चढवले आणि मनगटाशी नाडी बांधली. मोज्यांवर तिने बटणांचे डोळे शिवले होते, म्हणजे अडीच वर्षांच्या मुलीला ते ससे वाटावेत. ठकीला तसं मुळीच वाटलं नाही. ती सशाच्या नाकानेच गाल खाजवू लागली.

"आई, मुंग्या आल्या."

"येऊ देत. आपण त्यांच्याकडे बघायचंच नाही."

चार महिने डावा गाल कानापासून हनुवटीपर्यंत लाल आणि खरखरीत होता. मलमाने आठ दिवस निवळायचा, नवव्या दिवशी पाहुणा परत दारात. साबण बदलला, दूध बदललं, अभ्रे उकळून झाले. शेजारणींनी सुचवलेलं सगळं करून झालं, तरी शेजारणी काही सुचवायच्या थांबल्या नाहीत. त्वचेच्या डॉक्टरीणबाई मात्र बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या.

"एकाच गालावर आहे. म्हणजे त्या गालाला काहीतरी लागतंय. पंधरा दिवस जे जे लागेल ते लिहून काढा. काही सोडू नका."

आई घरीच सदरे शिवायची. तिने मापांच्या वहीची मागची पानं काढली आणि डोळ्यांत तेल घालून लिहायला लागली. टॉवेल. बाहुलीचे केस. काकडी. बाबाची दाढी, दोन पाप्या.

बाहेरच्या खोलीत आबा, म्हणजे ठकीचे आजोबा, लाकडाला पॉलिश करत. दोन वाजले की ते काम थांबवून हात कोपरापर्यंत तीन-तीनदा धूत. नातीला घ्यायचं तर नखातसुद्धा रंग नको. मग ठकी त्यांच्या उजव्या खांद्यावर डावा गाल टेकायची आणि आबा संथ फेऱ्या मारायचे. अर्ध्या चकाकणाऱ्या कपाटाच्या दारात ते दोघं मधाच्या रंगाचे दिसत, पाण्याखाली चालल्यासारखे. स्पिरिटचा गोडसर वास दाटून येई.

"आबा, मुंग्या कुठे चालल्या?"

"शाळेत."

"दप्तर?"

"एकीकडेच आहे. बाकीच्या तिचं बघून लिहितात."

ठकी हसता हसता झोपायची. शिलाईच्या मशीनवरचा आईचा पायही सैल पडायचा. त्या तासात घरात पुरतं जागं असं कुणीच नसे. वहीत आई रोज एवढंच लिहायची : 'दोन ते तीन, झोप.'

सहाव्या दिवशी तिने वही आबांपुढे धरली.

"तुम्हीच बघा. मला तर आता अक्षरंसुद्धा खाजवताना दिसतात. काही सुटलंय का?"

आबांनी चष्मा चढवला. बोट एकेका ओळीवरून खाली आलं आणि 'झोप' या शब्दापाशी थांबलं. मग त्यांनी उजव्या खांद्यावरचा पॉलिशचा फडका काढला. सकाळपासून दोनपर्यंत तो तिथेच असायचा, गेली चाळीस वर्षं. खाली सदरा कडक झाला होता.

"बघतो निवांत," ते म्हणाले आणि वही ठेवून दिली. सांगायला त्यांना तोंड नव्हतं.

त्या दुपारी त्यांची कंबर धरली.

"आजपासून तिला गादीवरच निजव," ते म्हणाले.

ठकीने घर डोक्यावर घेतलं. आबा आधीच लखलखीत असलेलं कपाटाचं दार घासत राहिले. दारात मोजे घातलेले दोन हात वर झालेले दिसत होते. त्यांना रडू आलं, पण ते वळले नाहीत.

कंबर काही सुटेना. गाल मात्र निवळत गेला. नववा दिवस आला, पाहुणा आला नाही. पंधराव्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडे निघण्याआधी आईने पानं पहिल्यापासून चाळली. सहाव्या दिवशीच्या 'झोप'खाली आबांचं वाकडंतिकडं अक्षर होतं : 'माझा उजवा खांदा. फडका तिथेच असतो. काखेत कळसा.'

आईने वही तशीच उघडी हातात घेतली. मग गळ्यातली टेप काढत बाहेरच्या खोलीत गेली.

"आबा, सरळ उभे राहा."

"अगं, कंबर—"

"कंबरेचं कळलंय मला. हात खाली सोडा."

तिने टेप या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत ताणली.

"हे कशाला?"

"दोन ते तीनचा सदरा. कामाला घालायचा नाही, माझ्या कपाटात राहील. आधी आंघोळ, मग सदरा, मग ठकी. डॉक्टरीणबाईंना विचारून घेते मी."

त्यांच्याच ओळीपुढे तिने लिहिलं : 'साडेसतरा इंच. मऊ सुती.'

आबांनी चष्मा पुसला. आतल्या गादीवर ठकी सशांना काहीतरी रागावून सांगत होती.

"किती दिवस लागतील?"

"दोन."

आबांनी आत बघितलं.

"बाह्या नंतर लाव," ते म्हणाले.